मॉन्स्टेरा, पीस लिली, झीझी, कॅलाथिया: वसंतात कुणाची कुंडी बदलू, कुणाला तसंच राहू देऊ?

खिडकीतली_बाग

नमस्कार मंडळी. हिवाळा सरला, उजेड वाढला आणि खिडकीपाशी ठेवलेली झाडं हालचाल करायला लागलीत. यंदा घरातल्या झाडांच्या कुंड्या बदलायच्या असं मनात आहे. पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो. कुणी म्हणतं दरवर्षी बदला, कुणी म्हणतं हातच लावू नका. म्हणून माझ्याकडे जे दिसतंय ते जसंच्या तसं सांगते.

मॉन्स्टेरा १५ सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे. तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत. वरून पाणी घातलं की मातीत मुरत नाही, लगेच खालून निघून जातं. शेंड्याला नवं पान गुंडाळी करून बसलंय. पीस लिली दिवसाआड मान टाकते आणि पाणी दिलं की दोन-तीन तासांत ताठ उभी राहते. तिला सध्या दोन फुलं आहेत. झीझीची कुंडी एका बाजूने फुगून लंबगोल झालीये. कॅलाथिया आणल्यापासून जवळपास तेवढीच आहे, पानांच्या कडा तपकिरी होतात, वाढ अशी नाहीच. याशिवाय पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट आहे आणि एक फॅलनॉप्सिस ऑर्किड. त्याची मुळं कुंडीबाहेर लोंबतात, पण फुलं अजून टिकून आहेत.

सगळ्यांच्या कुंड्या एकाच दिवशी बदलल्या तर चालेल का? घरी २५ सेंटिमीटरची एक छान कुंडी रिकामी आहे. मॉन्स्टेरा सरळ त्यात लावला तर पुढची दोन-तीन वर्षं बघायला नको, असं वाटतंय. आणि तळाला खडी घालायची की नाही? ही झाडं माझ्या फार जवळची आहेत. एकही गमवायचं नाहीये.

कुंडीवाले_काका

मोठी कुंडी घेतलीत तर फायदाच, मुळांना ऐसपैस जागा मिळते. तळाला बोटभर खडी किंवा विटांचे तुकडे घालाच, निचरा चांगला होतो. मी कायम घालतो. शेणखत सढळ हाताने घाला, वसंतात झाडाला भूक असते.

वाफसा

खिडकीतली_बाग, तुम्ही इतकं नीट पाहून लिहिलंय की निम्मं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. मी बरीच वर्षं एका महाविद्यालयाच्या काचघरात उष्ण कटिबंधातली झाडं सांभाळली. तिथे रोज जे हाताखालून गेलं त्यावरून लिहिते. काका, तुमच्या दोन-तीन मुद्द्यांशी माझा मतभेद आहे. राग मानू नका.

आधी वेळेचं. वसंत चांगला, कारण दिवस मोठा होतो, रात्री उबदार होतात आणि झाड नवी मुळं काढू लागतं. कुंडी बदलताना कितीही हळुवार काम केलं तरी मुळांवरची बारीक लव तुटतेच, आणि पाणी शोषण्याचं बरंचसं काम तीच करते. वाढीला लागलेलं झाड ती लवकर भरून काढतं. थंडीत थबकलेलं झाड मात्र तशा अवस्थेत ओल्या मातीत बसून राहतं. म्हणून तारखेपेक्षा झाडाकडे बघा. नवा कोंब किंवा गुंडाळलेलं पान दिसतंय आणि खोलीतलं तापमान रात्रीही १५ अंशांच्या खाली जात नाही, असं असेल तर हात घाला. तुमचा मॉन्स्टेरा तयार आहे.

आता त्या २५ सेंटिमीटरच्या कुंडीबद्दल, कारण घरातली झाडं सगळ्यात जास्त इथेच दगावतात. व्यास १५ वरून २५ झाला की आकार तोच धरला तरी आतली माती साधारण साडेचार पट होते. १८ सेंटिमीटरची कुंडी घेतली तर सुमारे पावणेदोन पट. मुळं आहेत तेवढीच. ती जेवढ्या मातीतलं पाणी ओढून घेऊ शकतात, त्याच्या पलीकडची माती दिवसेंदिवस ओलीच राहते. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो आणि तो पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. मग मूळकुजीच्या बुरश्या आणि बुरशीसारखे जीव, पिथियम वगैरे, त्या मेलेल्या मुळांवर चढतात. वरून बघणाऱ्याला पान मलूल दिसतं, म्हणून तो आणखी पाणी घालतो. ऐसपैस जागा दिली म्हणून मुळं आधी सुखाने पसरतात असं होत नाही. आधी तिथलं पाणी संपावं लागतं, त्यामागे हवा येते, आणि हवेमागे मुळं. वाफसा असलेली माती, म्हणजे ओल आहे पण हवाही खेळतेय, एवढंच आपल्याला साधायचं असतं. तेव्हा मॉन्स्टेराला १८, फार तर २० सेंटिमीटरची कुंडी द्या. दोन वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल, लागू दे.

खडीबद्दल एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा जाडसर चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. मातीचंही हेच आहे. पाणी निथळून झालं तरी तळाशी काही उंचीचा थर चिंब राहतोच. तो किती उंच असेल हे मातीचे कण किती बारीक आहेत त्यावर ठरतं, कुंडीच्या रुंदीवर नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे खडी घातली की तो चिंब थर तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो, आणि मातीची उंची कमी झाली ती वेगळीच. निचरा हवा तर सगळी माती भरड करा. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही. तेवढं पुरतं.

मॉन्स्टेराच्या मिश्रणात मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे), एक भाग झाडाच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि वर मूठ-दोन मूठ गांडूळखत घालते. हे झाड जंगलात जमिनीवर रुजून मग मोठ्या झाडांवर चढतं, त्याच्या मुळांना सालीच्या फटी आवडतात. कोकोपीट आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. पर्लाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीत जायला नको. शेणखत सढळ हाताने, हे मात्र आत्ता नको. मुळं दुखावलेली असताना क्षारांचा भार त्यांना सोसत नाही. चार ते सहा आठवडे कुठलंच जादा खत नको.

प्रत्यक्ष काम असं. आदल्या दिवशी पाणी द्या. ओलसर गोळा सुटा होतो, मुळं लवचिक असतात. कुंडी आडवी करून बाजूंनी दाबा, झाड बुंध्यापाशी धरून कुंडी ओढून काढा, झाड ओढू नका. गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. फारच विणली गेली असतील तर बाजूंना दोन-तीन उभे काप द्या. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं निरोगी. तपकिरी, बोटात साल सुटून आत दोरा राहतो आणि आंबूस वास येतो, ती कापा. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोडावर हवेत फुटलेली मुळं मातीत वळवली तर चालतं, खोड मात्र गाडू नका. माती दाबून ठासू नका, कुंडी आपटून बसवा. काठापासून दोन बोटं जागा सोडा आणि खालून वाहीपर्यंत पाणी घाला. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे भरपूर उजेड पण थेट ऊन नाही.

पीस लिली मान टाकते तेव्हा माती कोरडी असते की ओली? हे आधी सांगा. कोरडी असेल तर मुळांनी कुंडी भरलीये, कुंडी बदलायला हवी. ओल्या मातीत मान टाकत असेल तर मुळं कुजलीत, आणि तसं असेल तर फुलांची वाट न बघता आजच बाहेर काढा.

झीझी फुगलीये ते तिच्या गड्ड्यांमुळे. ती पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या हंगामाच्या प्रदेशातली, पाणी गड्ड्यांत साठवून ठेवते. गड्डे जाड झाले की प्लास्टिक वाकवतात, फोडतातही. ओढून निघत नसेल तर कुंडी कात्रीने कापा, गड्डा दुखावू नका. तिला एकच माप मोठी कुंडी द्या आणि मिश्रणात पर्लाइट निम्म्यापर्यंत न्या. स्नेक प्लांट घट्ट कुंडीत खूश असतो, कुंडी फुटायला आली नसेल तर राहू द्या. वाटणी करायचीच झाली तर गड्ड्यासकट तोडा. पानाचे तुकडे लावून पिवळे काठ येत नाहीत, नवी रोपं नुसती हिरवी निघतात.

एका दिवशी सगळं करू नका. आज एक-दोन करा, त्यांची तब्येत आठवडाभर बघा, मग पुढची. काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

जाईजुई

वाफसाताईंनी एक सांगायचं राहिलं म्हणून जोडते. मॉन्स्टेरा, पीस लिली, झीझी, मनी प्लांट ही सगळी अळूच्या कुळातली. त्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्वचेला खाज येते, डोळ्यांत गेलं तर फार आग होते. हातमोजे घाला. कापलेली पानं-मुळं लहान मुलांच्या आणि मांजर-कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवा. रबर प्लांट असेल तर त्याचा पांढरा चीकही अंगावर घेऊ नका.

कुंडीवाले_काका

ताई, राग कसला. पण माझी खडी घातलेली झाडं चांगली आहेत हो! रबर प्लांट तर छताला टेकलाय. मग ते कसं?

वाफसा

काका, तुमचा रबर प्लांट बघायला आवडेल. खडी घातली की झाड मरतंच असं माझं म्हणणं नाही. तुमच्या कुंड्या मातीच्या असतील तर त्यांच्या बाजूंमधूनही ओल उडते, मोठं झाड रोज भरपूर पाणी ओढतं, आणि तुम्ही बोट घालून बघूनच पाणी देत असाल. या तिन्हींनी झाड राखलंय. खडीने तेवढी उंची मात्र मुळांकडून घेतली. खडीचा खरा उपयोग कुंडीच्या बाहेर आहे. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत खडीचा थर घालून त्यावर भोकांची साधी कुंडी ठेवली तर निथळलेलं पाणी खाली राहतं आणि मुळं त्यात बुडत नाहीत. तिथे जरूर घाला.

आमरी

फॅलनॉप्सिसचं मी सांगते, कारण त्याला बाकीच्यांचे नियम लागू नाहीत. फुलं आहेत तोवर हात लावू नका. फुलं गळून गेल्यावर, नवं पान किंवा मुळांना हिरवी टोकं दिसू लागली की बदला. त्याला माती नाहीच, भरड साल हवी. साल साधारण दोन वर्षांत कुजून भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, आणि कुंडी बदलायची ती त्यासाठी. मोठी कुंडी देण्यासाठी नव्हे. बरेचदा त्याच मापाची कुंडी पुरते.

जुनी साल सगळी झटकून टाका. दाबल्यावर पोकळ किंवा पिचकी लागणारी मुळं कापा, टणक ठेवा. कोरडी असताना रुपेरी आणि भिजल्यावर हिरवी होणारी मुळं जिवंत आहेत. बाहेर लोंबणारी मुळं कोंबून आत घालू नका. ती हवेत वाढलीत, सालीत दाबली की पुष्कळदा कुजतात. बघताना अस्ताव्यस्त वाटेल, पण झाड झाडावर राहणारं आहे, त्याचं तेच रूप. पारदर्शक कुंडी मिळाली तर घ्या, मुळांचा रंग बघून पाणी देता येतं.

खिडकीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार! स्पंजचा प्रयोग घरातल्या सगळ्यांना करून दाखवला.

मॉन्स्टेरा १८ सेंटिमीटरच्या कुंडीत गेला. मुळं तळाशी चक्क गादीसारखी विणली होती, पण पांढरी आणि टणक. त्यानंतर सगळ्यात खालचं एक पान पिवळं पडायला लागलंय, नवं पान अजून गुंडाळीतच आहे. वरचं कोकोपीट कोरडं दिसतंय, पाणी देऊ का?

पीस लिली कोरड्या मातीतच मान टाकते, कुंडी उचलली तर अगदी हलकी लागते. फुलांचा मोह सुटत नाहीये, थांबले तर चालेल का?

आणि कॅलाथिया. ताईंनी मुळं बघायला सांगितलं तशी सगळीच बघितली, तर हिच्या मातीच्या गोळ्यात बरोबर मधोमध एक जाळीची पिशवी निघाली, अंड्याएवढी. मुळं तिच्यातून जेमतेम बाहेर आली होती. बाहेरची सगळी माती मोकळी पडली. ही जाळी कसली?

वाफसा

ती जाळी रोपवाटिकेतली. छोटी रोपं तशा जाळीत रुजवतात आणि मोठ्या कुंडीत लावताना ती काढायची राहून जाते. कधी मुळं सहज बाहेर पडतात, कधी तिथेच आवळली जातात. कॅलाथिया वाढत नव्हती यामागे हे एक मोठं कारण असणार. टोकदार कात्रीने जाळीला उभे काप देत जा, आणि जेवढी मुळं न तोडता निघेल तेवढीच काढा. एखादा तुकडा मुळांत गुंतला असेल तर तो राहू दे, आवळ सुटली म्हणजे काम झालं. हिला मोठी कुंडी देऊ नका, उलट मुळांच्या मानाने लहान द्या. आत्ता आहे त्याहून एक माप लहान बसत असेल तर तीच. कोकोपीट थोडं जास्त, पर्लाइट थोडं कमी, कारण हिला ओल सतत लागते, चिखल चालत नाही. तपकिरी कडांमागे कोरडी हवा आणि पाण्यातले क्षार ही दोन कारणं नेहमी असतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच द्या. कडा तपकिरी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, नवीन पान कसं येतं ते बघा.

मॉन्स्टेराचं सगळ्यात खालचं, म्हणजे सगळ्यात जुनं पान पिवळं पडणं चालतं. मुळं सावरेपर्यंत झाड जुन्या पानातलं अन्न काढून नव्याकडे वळवतं. ते पूर्ण पिवळं होऊ द्या, मग कापा. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची. एकदम तीन-चार पानं पिवळी, देठ बुडाशी मऊ, नव्या पानाची गुंडाळी काळी पडतेय आणि मातीला आंबूस वास. तसं दिसलं तर लगेच बाहेर काढून मुळं तपासा. नवं पान उलगडायला हाताने मदत करू नका, फाटतं.

वरचं कोकोपीट वाळलेलं दिसतं तेव्हा खाली पुष्कळदा भरपूर ओल असते, रंगावर जाऊ नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. शिवाय पाणी दिल्या दिल्या एकदा कुंडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, आणि ती जेव्हा लक्षात येण्याइतकी हलकी लागेल तेव्हाच पुन्हा द्या. नव्या कुंडीत आधीपेक्षा उशिरा पाणी लागेल. जुन्या सवयीने दिवस मोजून देऊ नका. सहा आठवड्यांनी द्रवखत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात सुरू करा.

पीस लिलीला थांबायची हरकत नाही, मुळं निरोगी आहेत हे तिच्या वागण्यावरून दिसतंय. फक्त रोज मान टाकायची वेळ आणू नका. सारखं कोमेजून उठण्यात पानांची टोकं जळतात. तोवर कुंडी अर्धा तास पाण्याच्या तसराळ्यात ठेवा, खालून गोळा पूर्ण भिजेल, मग निथळू द्या. वरून घातलेलं पाणी आवळलेल्या मुळांच्या कडेने पळून जातं. फुलं हिरवी पडून जुनी झाली की दांडे बुडापासून कापा आणि त्याच बैठकीत तिला बाहेर काढा. एवढी भरलेली असेल तर आत दोन-तीन वेगळे गड्डे असतील. प्रत्येकाला आपापली मुळं येतील अशा बेताने हातांनी सोडवून वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, आणि ती २५ सेंटिमीटरची कुंडी यातल्या कुणालाही देऊ नका.